चौसिंगा दिसला तेव्हा

विरूपाक्षच्या स्टुडिओत लागोपाठ तिसरा रोल पुसट निघाला, तेव्हा रामकिशन सोनकांबळेनं फोटोंचं पाकीट जसं उघडलं तसंच मिटलं आणि सदऱ्याच्या आत सारलं.

"पाण्याचा दोष असंल," विरूपाक्ष गल्ल्यामागून म्हणाला. "टँकरचं पाणी दोनदा गाळून फोटो धुवून राहिलो मी. तरी गाळ ऱ्हातोच."

विरूपाक्ष भला माणूस. पण त्याच गल्ल्यावर, त्याच पाण्यात धुतलेले कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पसरून ठेवले होते आणि त्यातल्या नवरीच्या नथीचा मोती न मोती वेगळा दिसत होता. रामकिशननं एकवार तिकडं पाहिलं, "हाव, पाणीच असंल" म्हणाला आणि लातूरच्या गंजगोलाईच्या गर्दीत उतरला.

पाकिटात कंधारच्या तलावावरचे छत्तीस फोटो होते. दुष्काळानं तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला होता. सगळी मासळी त्या डबक्यात कोंडली गेली, आणि माणसं घागरी घेऊन वणवण करत असताना चित्रबलाकांची मात्र तिथं पंगत बसली होती. रामकिशन रविवारची पहिली एसटी धरून गेला, सुकल्या चिखलात पोटावर सरपटत पुढं झाला, कोपरं सोलून घेतली. कॅमेऱ्यातून बघताना एकेक पीस सुटं दिसत होतं. आणि कागदावर? कुणीतरी चुन्यात बुडवलेली बोटं फिरवावीत तसे पांढरे फराटे.

कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसतं आणि फोटोत पुसट येतं, याचा त्याला एकच अर्थ लागला होता. मला जे स्वच्छ वाटतं तेच मुळात स्वच्छ नसतं. माझे डोळे चाललेत.

असं वाटायला कारणंही होती. रामकिशन नकाशे काढणारा माणूस. चार वर्षांपूर्वी उस्मानाबादेतून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा नवी कचेरी, नव्या खुर्च्या, नवे शिक्के आले आणि नवे नकाशेही लागले. नांदेडहून बदलून आलेल्या रामकिशननं नव्या जिल्ह्याची हद्द स्वतःच्या हातानं शाईत ओढली होती. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात तो गावांची नावं लिही, आणि ती वाचायला साहेब लोक भिंग मागवत. आता यंदा तीच अक्षरं त्याच्या नाकापुढं पोहायला लागली होती. दुपारी डोकं ठणके, डोळ्यांतून पाणी येई. तो म्हणे, धुरळा हाय. धुरळा होताच म्हणा. सगळ्या मराठवाड्यावर होता.

मार्च महिन्यात मात्र धुरळ्यावर ढकलता येणार नाही असं घडलं. टँकर कुठल्या गावी जायचे याचा नकाशा त्यानं केला, आणि सावरमाळ बुद्रुकपुढं करायची खूण सावरमाळ खुर्दपुढं केली. गावाच्या नावापुढचं 'बु.' त्याला 'खु.' दिसलं होतं. दोन दिवस पाणी भलत्या गावाला गेलं. तिसऱ्या दिवशी बुद्रुकच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या आवारात येऊन बसल्या, तेव्हा चूक उघडी पडली. साहेब फारसे बोलले नाहीत. "होतं सोनकांबळे, कामाचा ताण हाय," एवढंच म्हणाले. त्यानंच रामकिशनला जास्त लागलं. खिडकीतून त्याला त्या बायका दिसत होत्या. त्यातली एक म्हातारी घागर पालथी घालून तिच्यावर बसली होती.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बाप. केरबा सोनकांबळे पंचेचाळिशीत काचबिंदूनं आंधळा झाला. कंधारजवळच्या खेड्यात रोजंदारी करणारा, रानाचा नाद असलेला माणूस. त्यानंच लहानग्या रामकिशनला तितराची आणि लाव्याची चाल वेगळी कशी ओळखायची ते शिकवलं होतं. पुढं दिसेनासं झालं तसा तो लेकाच्या खांद्यावर हात ठेवून माळावर यायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही टिटवी, हा कोतवाल, ती बघ हरोळी. 'बघ' म्हणायचा. रामकिशन तेव्हा मॅट्रिकला होता. खांद्यावरच्या त्या हाताचं वजन अजून त्याच्या ध्यानात होतं.

आता त्याचं वय बेचाळीस. डॉक्टरकडं जायची हिंमत होत नव्हती. गेलं की खरं काय ते कळणार, त्यापेक्षा न गेलेलं बरं, असा त्याचा हिशेब. बायकोला, पंचफुलाला, त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी त्यानं आठ दिवसांची रजा टाकली. माहूरचं रान एकदा डोळे भरून बघून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच्या ओळखीचा नरसिंग तिकडं जंगलखात्यात गार्ड होता. नांदेडला असताना सर्व्हेच्या कामात गाठ पडली होती, आणि तेव्हापासून "पाणवठ्यावर या साहेब एकदा" असा त्याचा लकडा होता.

"माहूरला जाऊन येतो," त्यानं घरी सांगितलं. "रानात फिरायला."

पंचफुला तांदूळ निवडत होती. लग्नाला वीस वर्षं झाली, नवरा सुटी मिळाली की गळ्यात कॅमेरा अडकवून कुठल्या तरी ओढ्याला जातो, हे तिनं कधीच पत्करलेलं होतं. स्वतः ती कधी बरोबर गेली नव्हती. या वेळी तिनं ताट बाजूला ठेवलं.

"मी बी येते."

"तू? उन्हाचं? चालावं लागंल लई."

"चालंन की. शोभाची परीक्षा झाली, ती आजोळी चालली. घर काय कुणी उचलून न्यायचंय का?" मग ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "दोन महिने झाले, तुमी जेवताना बोलत न्हाई. कुठं चाललाव ते तरी बघते."

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड, नांदेडहून दुसरी गाडी. भोकर मागं पडलं तरी दोन्ही बाजूला तीच करपलेली रानं, पांढुरकी झालेली ढेकळं, बांधावर हाडं निघालेली जनावरं. किनवटच्या पुढं मात्र घाट सुरू झाला आणि झाडी आली. पानगळीची, धुळीनं माखलेली, तरी झाडीच. पंचफुलानं खिडकीची फळी वर केली आणि माहूर येईपर्यंत खाली पाडली नाही. गाडीत गडावर जाणारे भाविक होते. कुणी तिला कुंकवाचं पान पुढं केलं, तिनं हात जोडून नको म्हटलं आणि पुन्हा बाहेर बघत बसली.

नरसिंगचं घर गडाच्या पायथ्याच्या वस्तीत होतं. त्यानं दोघांना ओसरीवर खाट टाकून दिली, भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि बजावलं, "सकाळी लौकर निघायचं वैनी. नऊनंतर रानात आपल्या तिघांशिवाय कुणी फिरत नसतं."

सकाळी तांबडं फुटायला ते निघाले. पुढं नरसिंग, मागं पंचफुला, शेवटी रामकिशन. सागाचं रान सगळं उघडंवाघडं झालेलं. गळालेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. एवढा आवाज व्हायचा की नरसिंग दर दहा पावलांवर थांबून मागं बघायचा आणि 'आवाज नका करू' म्हणायचा. मोहाखाली आला तसा मात्र त्याचा चेहरा बदलला. जमिनीवर शेवटची फुलं सुकून पडली होती, आणि मधेच शेणासारखा काळा पो पडला होता. "अस्वल," तो हळूच म्हणाला. "फुलं खाऊन गेलं. कालचंच हाय. भिऊ नका वैनी, आवाज करत चला."

"मघाशी आवाज नका करू म्हणलाव," पंचफुला म्हणाली.

"ते हरणासाठी. हे अस्वलासाठी."

ती खुदकन हसली. रामकिशननं मागून ते ऐकलं आणि त्याला वाटलं, हिला आधीच कधी आणायला पाहिजे होतं.

ओढ्याच्या काठी एका जांभळीवर पांढरं काहीतरी लहरलं. हातभर लांब दोन फिती शेपटीला लावून एक पाखरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. पंचफुलानं तोंडावर हात ठेवला. "अगं माय," ती म्हणाली. "पतंगाला जीव आला की काय."

"स्वर्गीय नर्तक," रामकिशन म्हणाला.

"काढा की मग फोटो."

त्यानं कॅमेऱ्याच्या पिशवीला हात लावला नाही. "असू दे. बघूनच घेऊ," तो म्हणाला. पुढं माकडांची टोळी दिसली, तेव्हाही तेच. एका दगडावर शिक्रा सरडा फाडत बसला होता, अगदी दहा हातांवर, तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला पंचफुला थांबली. तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "ओझं वाहायलाच आणलाव तर मीच वाहते," ती म्हणाली, पण तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते.

पाणवठा म्हणजे खडकातली एक खोलगट जागा. उरलंसुरलं झऱ्याचं पाणी आणि वर जंगलखात्यानं बैलगाडीतून आणून ओतलेले चार पिंप. समोर दरीपलीकडं पिवळ्या गवताचा चढ. नरसिंगनं तिघांना करवंदीच्या जाळीमागं बसवलं. बसून बराच वेळ झाला. हरोळ्या आल्या, पाणी पिऊन गेल्या. एक मुंगूस आलं. ऊन चढायला लागलं आणि नरसिंग कुजबुजला, "आज न्हाई येत वाटतं."

"ते काय मग?" रामकिशन म्हणाला.

"कुठं?"

"समोरच्या चढावर. वाळका सालईचा बुंधा हाय बघ, त्याच्या डाव्या हाताला. उभा हाय."

नरसिंगनं डोळ्यांवर हात धरला. पंचफुलानं मान पुढं काढली. दोघांनाही पिवळं गवत आणि पिवळं गवत.

"कान हलवून राहिला," रामकिशन म्हणाला. "चौसिंगा हाय. नर. मागची शिंगं अर्ध्या वितीएवढी, पुढची दोन आपली अंगठ्याएवढी. पुढचं डावं जरा तुटल्यासारखं दिसतंय."

"साहेब, चेष्टा करता का? शिंगं काय, मला जनावरच दिसंना."

"मलाबी न्हाई," पंचफुला म्हणाली.

ते तसेच बसून राहिले. मग चढावरचं गवत हललं आणि त्यातून एक तांबूस, बकरीएवढं हरिण सुटं झालं. पाय उचलून उचलून टाकत, थांबत, वास घेत ते दरीत उतरलं, दिसेनासं झालं, आणि पंधरा मिनिटांनी या बाजूला, पाण्यापाशी, तीस हातांवर येऊन उभं राहिलं. डोक्यावर चार शिंगं होती. पुढचं डावं टोकाला तुटलेलं होतं.

नरसिंगनं वळून रामकिशनकडं बघितलं ते हरणाला बघण्यापेक्षा जास्त वेळ.

हरिण प्यायलं, भुंकल्यासारखा एक आवाज केला आणि निघून गेलं. "घारीची नजर हाय साहेब तुमची," नरसिंग म्हणाला. "बारा वर्षं या रानात काढली मी. मला न्हाई दिसलं." आणि तो खूर बघायला पाण्याकडं उतरला.

रामकिशन तिथंच मातीत बसून होता. त्यानं दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून घेतले.

"काय झालं?" पंचफुलानं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. पुसट रोल, कागदावर पोहणारी अक्षरं, सावरमाळच्या बायका, बाप. अक्षरं कशी दिसतात ते सांगताना त्यानं वाळकं पान उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि "हे बघ, शिरा दिसत न्हाई मला याच्या" म्हणाला. सगळं ऐकून झाल्यावर पंचफुलानं त्याच्या हातातलं पान घेतलं, हात लांब केला आणि ते त्याच्यासमोर दोन फुटांवर धरलं.

"आता?"

त्यानं बघितलं. शीर न शीर दिसत होती. मधली जाड, तिच्यातून फुटलेल्या बारीक, त्यांच्यातून फुटलेल्या आणखी बारीक.

"मी तांदळाचं ताट मांडीवरून गुडघ्यावर आणलं त्याला वरीस झालं," पंचफुला म्हणाली. "सुई लांब धरून ओवते. मी काय आंधळी व्हायला लागले का?" तिचा आवाज चढला. "मामाजीचं सगळं मी केलंय, मी. शेवटची सहा वर्षं. तेच सांगायचे, सुरुवातीला दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा. बाजूनं कुणी आलं की दचकायला व्हायचं. आधी त्यांचं बाजूचं गेलं, मग समोरचं गेलं. तुमी कधी कशाला धडकलाव? मघाशी ते मुंगूस आलं ते कुठून आलं? बाजूनंच आलं न्हवं? कुणाला दिसलं आधी?"

"मला," रामकिशन म्हणाला.

"आन् दोन महिने तोंड शिवून बसलाव." तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलेलीही होती. "मला वाटलं, कचेरीत काय झालं, का दुसरंच काय. नाही नाही ते मनात आणलं मी."

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलंच. नांदेडला गेल्याबरोबर दवाखान्यात जायचं. आधी दवाखाना, मग लातूर." तिनं पिशवीतून कॅमेरा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "आन् हे धरा. येऊ दे फोटो कसा यायचा तसा."

पुढचे दोन दिवस त्यानं पोटभर फोटो काढले. तुटक्या शिंगाचा चौसिंगा दुसऱ्या दिवशीही आला, तेव्हा त्याचे सहा काढले. भीती पुरती गेली नव्हती. पंचफुलाचं बोलणं पटलं होतं, पण ती डॉक्टर नव्हती, आणि कॅमेऱ्याचं कोडं तिलाही सुटलं नव्हतं. तरी तो जेवायला लागला. नरसिंगच्या ओसरीवर त्यानं तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागितली.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या खोलीपुढं लांब रांग होती. बाकावर त्याच्या शेजारी एक म्हातारा बसला होता, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. रामकिशन उठून उभा राहिला. पंचफुलानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. बापाचं ऐकलं तसं मात्र त्यांनी हातातलं काम ठेवलं. डोळ्यात औषध टाकून, एक छोटं यंत्र बुबुळावर टेकवून त्यांनी दोन्ही डोळ्यांचा दाब बघितला. बॅटरीनं आत बघितलं. समोर बघायला लावून बाजूनं बोटं हलवली, "किती?" विचारलं. मग भिंतीवरचा तक्ता. रामकिशननं शेवटची ओळ वाचली आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"ते वाचायला कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांनी हातात एक छापील पुठ्ठा दिला. तो त्याला वाचता येईना. पुठ्ठा लांब नेला तसा आला.

"वय?"

"बेचाळीस."

"मग अजून काय पाहिजे? चाळिशी लागली तुम्हाला. चष्मा घ्या, जवळचं काम करताना लावा. बारीक लिहिण्याचं काम आहे ना, डोकं दुखणारच. दाब अगदी व्यवस्थित आहे. वडिलांना होता म्हणून वर्षातून एकदा तपासत जा, चुकवू नका. पण आज तुमच्या डोळ्यांत काचबिंदू नाही."

"नाही?" रामकिशननं विचारलं.

"नाही म्हटलं ना."

"नक्की नाही?"

बाईंनी पंचफुलाकडं बघितलं. "यांना बाहेर न्या हो, माझी रांग खोळंबली."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर रामकिशनला काय करावं ते सुचेना. तो नळाशी गेला, नळ कोरडा होता, परत आला. मग तो भिंतीला टेकून जो हसायला लागला तो हसतच राहिला, आणि औषधानं आधीच वाहणारे डोळे पुसत राहिला. येणारे जाणारे बघत होते. पंचफुला पदर तोंडाशी धरून शेजारी उभी होती. दोन महिन्यांपासून छातीवर असलेला धोंडा कुणी उचलून नेला होता आणि आता त्या मोकळ्या जागेचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं समोरच्या गाडीवरून उसाच्या रसाचे दोन ग्लास घेतले. पंचफुलाचा संपायच्या आत स्वतःचा संपवून तिचाही अर्धा प्यायला.

"आता ते कॅमेऱ्याचं," ती म्हणाली.

नांदेडच्याच वजिराबादेत एका जिन्याखाली हबीबचाचांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल आणि एक दिवा. रामकिशननं हा जुना रशियन कॅमेरा त्यांच्याच सल्ल्यानं घेतला होता. चाचांनी माहूरचा रोल शेजारच्या स्टुडिओत धुवायला पाठवला आणि तोवर दोघांना चहा पाजला. चष्म्याच्या दुकानातून नवा चष्मा तासाभरात मिळाला. तो लावून रामकिशननं चाचांच्या टेबलावरचा बारीक स्क्रू उचलला, त्याचे आटे मोजले आणि परत ठेवला.

निगेटिव्ह आली तशी चाचांनी ती दिव्यापुढं धरून डोळ्याला भिंग लावलं. एक फ्रेम बघितली, दुसरी बघितली. मग त्यांच्या गालांवर हसू पसरलं.

"सोनकांबळे साब, ये देखो. हरिण धुक्यात हाय. बरोबर? आता त्याच्या मागचा दगड बघा."

रामकिशननं भिंगाला डोळा लावला. हरणाच्या जागी एक राखाडी ढग होता. पण मागच्या खडकावरची भेग, भेगेतलं वाळलं गवत, गवतावर बसलेला टोळ, सगळं सुईनं कोरल्यासारखं होतं.

"दूसरा देखो. पाखरू गायब, मागची फांदी एकदम चोख. तुमचा हात बी बरोबर, आँख बी बरोबर. कॅमेऱ्याच्या आत आरसा असतो, त्याच्यातून तुमाला दिसतं. तो आरसा बालभर सरकला. म्हणून तुमाला दिसतं एक, आन् फिल्लमवर उतरतं त्याच्या हातभर मागचं. पडला होता का कधी?"

रामकिशननं आठवून बघितलं. जानेवारीत पाझर तलावाच्या कामावर जाताना जीप खड्ड्यात आदळली होती आणि पिशवी सीटवरून खाली गेली होती. काच फुटली नाही म्हणून त्यानं पुढं मनात ठेवलंच नव्हतं.

"म्हणजे चार महिने यांनी पाखरांच्या मागचे दगडं काढले," पंचफुला म्हणाली.

"उमदा काढले, बेटी," हबीबचाचा म्हणाले. "असे दगडं कुणी काढत न्हाई."

आरसा जागेवर बसवायला त्यांना अर्धा तास लागला. चौसिंग्याचे सहाही फोटो गेले ते गेलेच. रामकिशनला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. त्यानं मनात चाचपून बघितलं, वाईट काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते लातूरकडं निघाले. सोमवारी कचेरीत गेल्यावर टँकरचा नकाशा पहिल्यापासून तपासायचा, 'खु.' आणि 'बु.' सुटे लिहायचे नाहीत, पूर्ण शब्द लिहायचा, असं तो पंचफुलाला सांगत होता. ती हूं हूं करत खिडकीतून बघत होती. लोहा मागं पडलं होतं. मुरमाड माळ लागला, आणि अचानक तिनं त्याचं मनगट धरलं.

"ते काय हाय? काळं काळं?"

माळावर काळविटांचा कळप होता. वीस-पंचवीस माद्या आणि मधे एक काळा नर, शिंगं पाठीवर टाकून चालणारा. या वेळी तिनं आधी पाहिलं होतं.

"काळवीट," तो म्हणाला. "गाडी पुढं..."

पण पंचफुला उठली होती. "अवो कंडक्टरदादा, थांबवा. उतरायचं हाय आमाला."

"इथं? इथं गाव न्हाई बाई."

"नसू द्या."

गाडी त्यांना रस्त्यावर सोडून धूळ उडवत गेली. दोघं बांधाच्या आडोशानं, वाकून, हळूहळू माळावर शिरले. पंधरा-वीस मिनिटं चालले असतील. ऊन अजून कोवळं होतं आणि वारा समोरून त्यांच्याकडं वाहत होता, म्हणून कळप बिचकला नाही. एका बाभळीखाली रामकिशन गुडघ्यावर बसला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, नराच्या डोळ्यावर नेमका आणला, श्वास धरला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"मला बघू द्या," पंचफुला कुजबुजली.

त्यानं पट्टा काढून तिच्या गळ्यात घातला, भिंगाचं कडं कसं फिरवायचं ते दाखवलं. तिनं एक डोळा मिटायचा प्रयत्न केला, दोन्ही मिटले, मग मिटलेला डोळा हातानं झाकला. कडं इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, आणि एकदम थांबली.

"अवो," ती म्हणाली. "त्याच्या पापण्या दिसून राहिल्या."

रस्त्यावरून लातूरची दुसरी गाडी भोंगा वाजवत येत होती. रामकिशननं तिकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं.

"गाडी आली," तो म्हणाला.

"जाऊ द्या तिला," पंचफुला म्हणाली. "माझं बघून न्हाई झालं अजून."